दवमणी

नावाची पट्टी छातीवर लावली, आरशात पाहिलं, तर पट्टी कोरी होती. म्हणजे नाव होतं त्यावर, दुकानाचं सोनेरी चिन्हही होतं, मणी नव्हते. काल संध्याकाळी होते. नावाच्या कडेकडेने, शेवटच्या अक्षराखाली जरा दाटीने, पहाटे पानाच्या टोकाशी पाणी जमतं तसे. मी पट्टी काढली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. काळ्या जॅकेटचे खिसे झटकले, अस्तरात बोटं घातली, बाह्यांची टोकं चाचपली. जिन्याखालच्या त्या एवढ्याशा खोलीत, जिथे आम्ही दुकानातल्या बायका कपडे बदलतो आणि डबे ठेवतो, मी गुडघ्यांवर बसून फरशीवरून तळहात फिरवला. "काय गं, कानातलं पडलं का?" मोठ्या ताईंनी विचारलं. त्या आमच्यात सगळ्यांत जुन्या. केस विंचरताना ओठांत पिना धरून बोलतात, तरी शब्द न् शब्द कळतो. मी म्हटलं, "हो. म्हणजे नाही. सापडलं." त्या पिनांमधून हसल्या. "बाळंतपणानंतर डोकं असंच होतं. मी तर एकदा अनवाणी निघाले होते, पार नाक्यापर्यंत." मीही हसले. पडले असतील वाटेत, मी मनाशी म्हटलं; बसमध्ये दाटी होती, कुणाच्या तरी खांद्याला घासून गेले असतील. हे वाक्य मी इतक्या सफाईने तयार केलं, की माझं मलाच ते गिऱ्हाइकाला सांगायच्या वाक्यासारखं वाटलं.

त्या मण्यांवर माझा जीव होता, हे आधी कबूल केलेलं बरं. माझी मुलगी टिमकी अंगावर पीत असायची तेव्हा मी दुसऱ्या हातात मोबाइल धरून त्या सीझनचा फॅशन शो बघितला होता, आवाज बंद करून. बाहेर उकाडा होता आणि पडद्यावर मुली लोकरी कोट घालून चालत होत्या. आमच्या धंद्यात नेहमी असंच. उन्हाळ्यात हिवाळा मांडायचा, हिवाळ्यात उन्हाळा, आणि जो ऋतू अंगावर चालू आहे तो आधीच शिळा झालेला असतो. कातड्याच्या कामासाठी नावाजलेल्या एका जुन्या घराण्याने, आमचं दुकान त्यांचंच, काचकाम करणाऱ्या एका तरुण डिझायनर मुलीला सोबत घेऊन तो संग्रह काढला होता. याला कोलॅबोरेशन म्हणतात. मोठ्या ताई म्हणतात, "म्हाताऱ्याचं दुसरं लग्न." संग्रहाचं नाव 'दव'. शेवाळी रंगाची, दोन पंजांत मावेल एवढी ताठ पर्स. तिच्या झाकणाच्या कातड्याखाली लोखंडाचा पातळ पत्रा, आणि सोबत एका कापडी बटव्यात डाळिंबाच्या दाण्यांएवढे रंगीत मणी. प्रत्येकाच्या पोटात चुंबक. पर्स जिची, नक्षी तिची. रोज सकाळी नवी. टिमकीचं चोखणं मंदावलं होतं, ती झोपली होती, आणि मी तिला खाली ठेवायची सोडून तो एक शॉट पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहत होते: एक बोट येतं, मणी सोडतं, मणी आपोआप जागेवर जातो. पुढे कामावर परतल्यावर ती पर्स हातात आली तेव्हा त्याचा आवाज कळला. टक्. माझ्या आईकडे बाहेर जायची एकच पर्स होती, ती मिटताना असा आवाज यायचा. मी आतल्या खोलीत खेळत असले तरी कळायचं, आई निघाली. त्या आवाजाची मला धास्ती होती आणि तरी आई घरी नसताना मी कपाट उघडून ती पर्स नुसती उघडमीट करत बसायचे. कॉलेजात इतिहास घेतला, पण तासाला डोळे सरांच्या तोंडापेक्षा बाईंच्या टाचेवर, बकलावर, पट्ट्याच्या शिवणीवर. कुणाला वेड गाण्याचं असतं, मला हे. हे वेड सांगायला लोक लाजतात, कारण ते ऐकणारा लगेच हिशेबावर येतो. मला मात्र ती वस्तू हवी असायची असंही नाही. ती असावी, नीट असावी, आणि मी तिच्याजवळ असावं, एवढंच.

आणि परवाच्या दिवशी वरून निरोप आला, की दव मागे घ्या. चालली नव्हती ती. बायका म्हणायच्या, मणी पडतात हो, सारखं लक्ष ठेवावं लागतं. न खपलेला माल आमच्याकडे स्वस्तात काढत नाहीत, कुणाला देत नाहीत, कापतात. ही रीत बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. मागच्या गोदामात लांब टेबल टाकतात, त्यावर पांढरं कापड, हातात तेच पांढरे मोजे जे घालून आम्ही गिऱ्हाइकाला पर्स दाखवतो, आणि दुसऱ्या हातात कटर. मॅनेजरबाई समोर उभ्या राहून मोबाइलवर चित्रण करतात, वर पाठवायला. "झाकण आधी. मग पट्टा. मग तळ," त्या काल सांगत होत्या, पालकाची जुडी कशी चिरावी ते सांगतात तशा शांतपणे. पहिल्या पर्सला कटर लावताना माझा हात थांबला. कातडं चांगलं असलं की कापताना विरोध करत नाही, लोण्यासारखं सुटतं, आणि त्याचंच वाईट वाटतं. मोठ्या ताई कानाशी पुटपुटल्या, "रडू नकोस बाई, व्हिडिओत दिसेल." मणी बाजूला काढून पोत्यात टाकायचे होते. पण आमच्या नावाच्या पट्ट्याही चुंबकाच्याच. सुई लावली तर ब्लाउजच्या रेशमाला भोक पडतं, म्हणून पट्टी बाहेरून आणि चुंबकाची कांडी आतून. वाकलं की टेबलावरचे मणी उड्या मारून छातीवर येत. सगळ्यांचंच होत होतं. आम्ही ते खुडून पोत्यात टाकत होतो, ते पुन्हा येत होते, शेवटी कुणी लक्ष देईना. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, टिमकी रडायची थांबत नाही, ये लवकर. मी जॅकेट न बदलता, गळ्यात ओढणी टाकून तशीच निघाले. दारावर वॉचमनकाकांनी रीतीप्रमाणे माझी पिशवी पाहिली, खिसे पाहिले, आणि भल्या माणसासारखं छातीकडे पाहिलं नाही. लिफ्टच्या आरशात मात्र मी पाहिलं. लाल, शेवाळी, दुधी, आणि एक धुरकट निळा. परत वर जाऊन पोत्यात टाकायला हवे होते. मी ओढणी पुढे घेतली. ते आपोआप चिकटले हे खरं. ओढणी आपोआप पुढे आली नाही.

घरी गेल्यावर काय झालं ते मी दुकानात उभी राहून, काचेची मांडणी पुसता पुसता, पुन्हा पुन्हा आठवत होते. दार उघडलं, टिमकी सासूबाईंच्या कडेवरून माझ्याकडे झेपावली. दहा महिन्यांची आहे. झेप घेताना मध्ये हवा असते हे तिला माहीत नसतं. तिने तोंड माझ्या छातीत खुपसलं, नेहमीसारखं. दोन दात आलेत, ते ती पट्टीवर घासत होती, कट् कट्. मी डोळे मिटून उभी होते. मला फार बरं वाटत होतं. दिवसभर कापाकापी केल्यावर काहीतरी मऊ आणि गरम, आणि ते माझं. त्यानंतर पट्टी काढून खिशात टाकली, जॅकेट खुर्चीला अडकवलं, तिला पाजलं, दोघी झोपलो. पट्टीकडे पुन्हा पाहिलंच नाही. म्हणजे मणी बसमध्ये पडले असतील, किंवा नसतील. किती होते? हाच प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला की तो प्रश्न राहिला नाही, नुसती ठणक झाली. मोजले नव्हते. लिफ्टच्या आरशात मी त्यांची मांडणी पाहिली होती, रंग पाहिले होते, दुधी मणी निळ्याच्या शेजारी किती खुलतो ते पाहिलं होतं. आणि मला सगळ्यांत बारीक नजरेची म्हणून या दुकानात ठेवलंय. ट्रेनिंगमध्ये एका माणसाने येऊन सांगितलं होतं, एक मणी पोटात गेला तर घाबरायचं कारण नाही, एक मणी निघून जातो. दोन गेले तर ते आतड्याच्या आडूनसुद्धा एकमेकांना शोधतात, आणि मध्ये जे सापडेल ते धरून ठेवतात. आम्ही त्या वेळी हसलो होतो. कुणीतरी म्हणालं होतं, "लग्न जुळवायला चांगले."

"कुठे लक्ष आहे?" मॅनेजरबाई. नव्या सीझनची खोकी उघडायची होती. त्यांच्या टाचांचा आवाज येण्याआधी त्यांचा वास येतो. "या वेळी सगळं मोठं आहे. मोठ्या पिशव्या, ढिले पट्टे, घडी न घातलेल्या कडा. बारीकसारीक, नाजूक काही नको आता लोकांना, कंटाळा आलाय. शेवाळी रंग दिसता कामा नये, एकसुद्धा." मी हो म्हटलं. नवी पर्स खोक्यातून काढली, पोटातले कागद उपसले. एखाद्या फुगवलेल्या पोटातून काढत जावं आणि संपूच नये, तसे ते निघत होते. फोन खिशात थरथरला. मी खोक्याच्या आड वाकले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घाबरू नकोस, तशी बरी आहे. फक्त पेज घेत नाहीये, तोंड फिरवते. दात येत असतील. आणि एक गंमत, पाळण्याच्या दांडीला लाल दाणा चिकटलाय. मी म्हटलं मुंगळा की काय, झाडूने मारायला गेले. ओढला तर निघेना! कसला गं तो? तुझ्या कपड्याचा का?" मी म्हटलं, "असेल. जपून ठेवा. तिच्या हाताला लागू देऊ नका." "अगं माझ्या हाताखालून पोरं गेलीत," त्या म्हणाल्या, "मला शिकवू नकोस." आणि ठेवला. मी खोक्याच्या आड वाकलेलीच राहिले. आता बसचं वाक्य गेलं. मणी घरापर्यंत आले होते. मी उभं राहून म्हणायला हवं होतं, मला घरी जायचंय. त्याच्यापुढे काय म्हणायचं तेही मला दिसत होतं: का? आणि मग पट्टी, पोतं, ओढणी. इथली एक चिंधीसुद्धा बाहेर नेली तर त्याच दिवशी नारळ मिळतो. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो गाडी चालवतो, लांबच्या फेऱ्या, आठवड्यातून एकदा घरी. सगळं घर या पट्टीवर लटकलेलं. एकच दाणा आला असेल, मी म्हटलं. तोच दांडीला चिकटलाय. बाकीचे बसमध्ये. बघा, मी पुन्हा वाक्य तयार केलं, जरा आखूड केलेलं, बेतलेलं.

मग गिऱ्हाईक आलं. हिला मी ओळखत होते. ती हात लावून पाहते आणि विकत घेते, असं दोन्ही करणाऱ्या बायका थोड्या. तिने मोबाइल पुढे केला. कुठल्याशा नटीच्या हातात शेवाळी पर्स, झाकणावर मणी. "ही. मण्यांची. कालपासून सगळ्याजणी हीच शोधतायत." कालपासून. आम्ही टेबलाभोवती उभ्या होतो तेव्हापासून. "संपली, मॅडम," मी म्हटलं. कापलेल्या मालाला आम्ही असंच म्हणतो. "एकसुद्धा नाही?" "एकसुद्धा नाही." "आतमध्ये बघा ना. तुमच्या मागच्या खोलीत असतं काहीतरी लपवलेलं, मला माहितीये." ती खट्याळ हसली. मी आत गेले, रिकाम्या टेबलापाशी उभी राहिले. तिथे मी घरी फोन लावू शकले असते. मी उभी राहिले, बाहेर आले, म्हटलं, "नाही हो, सगळीकडे पाहिलं." मग तिला नवी पर्स दाखवली. पांढरे मोजे घातले, पट्टा ढिला सोडून खांद्यावर लावला, आरसा धरला. आवाज माझाच होता, मऊ, घाई नसलेला. तिने बराच वेळ घेतला. एकदा आरशात स्वतःकडे पाहतच म्हणाली, "ती मण्यांची मुलंबाळं असलेल्या घरात नकोच म्हणतात. आमच्याकडे नाहीत, सुटलो." आरसा मी दोन्ही हातांनी धरला होता, म्हणून हलला नाही.

दुसरा फोन आला तेव्हा सासूबाईंनी घाबरू नकोस म्हटलं नाही. "हिरवं ओकली गं. हिरवंगार. आणि पाय पोटाशी घेते सारखी." त्यांच्या मागे टिमकी रडत होती, पण ते तिचं रडणं नव्हतं. तिचं रडणं टिमकीसारखं ताड् ताड् वाजतं, म्हणून तर ते नाव; हे बारीक होतं, मध्येच तुटणारं. मी पिशवी उचलली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "आज? काचेतली मांडणी अर्धीच झालीये." मी म्हटलं, "मुलीला बरं नाही." "काय होतंय?" आणि मी म्हटलं, "दात." मोठ्या ताईंनी माझ्या हातातला मोजा ओढून काढला, एक घातलेलाच राहिला होता. घर, जिना, सासूबाईंच्या खांद्यावर करडी पडलेली टिमकी, खाली टॅक्सी. टॅक्सीत मी तिला छातीशी आवळून धरली. पोट माझ्या छातीला, तोंड मानेत, जसं तिला आवडतं. तिला आवडलं नाही. मी जितकी घट्ट धरत होते तितकी ती हातांनी मला मागे लोटत होती, कमान करत होती, श्वास अडेपर्यंत किंचाळत होती. "असं काय करते बघ आईलासुद्धा," सासूबाई म्हणाल्या. मी आणखी घट्ट धरली.

डॉक्टर तरुण होती, बहुधा माझ्याहूनही लहान. तिच्या घड्याळाचा पट्टा गेल्या हिवाळ्यातल्या विटकरी रंगाचा होता, आणि हे मी पाहिलं याची मला शिसारी आली. तिने पोट दाबलं, विचारलं, "काही गिळलं असेल का?" माझ्या आधी सासूबाई म्हणाल्या, "छे हो. मी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते." त्या एका वाक्याच्या आड मला उभं राहता येत होतं, तेवढ्यापुरती मी राहिले. मग फोटो काढला आणि तो पडद्यावर आला. टिमकी होती ती. फासळ्या कंगव्याच्या दातांसारख्या, आणि खाली, जरा डावीकडे, मणी. ओळीत नव्हते. एक वर्तुळ, जवळजवळ मिटलेलं, एका बाजूला किंचित जागा सोडून. माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'छान'. ती जागा सोडली नसती तर नक्षी जड झाली असती. मी ओठ चावला, रक्ताची चव आली, तरी शब्द गेला नाही.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्या, बसता बसता आणखी म्हाताऱ्या झाल्या. "माझी माळ. परवा तुटली ती. सगळे मणी गोळा केले असं वाटलं मला. खाली गेले असतील कुठे कुठे. दुपारी डोळा लागला जरा माझा. माझ्याच हातून झालं हे." डॉक्टरने विचारलं, "कसले मणी होते, आजी?" "काचेचे हो. साधे." डॉक्टरचे खांदे सैल झाले. "साधे असतील तर बहुतेक आपोआप पडून जातात. ठेवून घेऊ, लक्ष ठेवू, उद्या परत फोटो काढू." ती लिहायला वळली आणि पडद्याकडे पाहून थबकली. "बसलेत मात्र चमत्कारिक. एकमेकांना धरून." सासूबाई रडत होत्या, आवाज न करता, पदराने डोळे न पुसता टिमकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, माफी मागितल्यासारखा. दार उघडं होतं. माझी नोकरी, लिफ्टचा आरसा, ओढणी, सगळं त्या तुटलेल्या माळेत ओवून टाकता येत होतं. कुणी विचारणारही नव्हतं. फक्त उद्यापर्यंत थांबायचं होतं.

"आई, तो लाल दाणा कुठाय?" मी विचारलं. त्यांनी रुमालाची गाठ सोडून तो मला दिला. मी खिशात राहिलेला दुसरा पांढरा मोजा टेबलावर पसरला, त्यावर दाणा ठेवला आणि छातीवरची पट्टी काढून हातात धरली. "बघा," मी म्हटलं, आणि आवाज दुकानातला निघाला, मऊ, घाई नसलेला. दुसरा माझ्याकडे नव्हताच. "हा दव. हिवाळी संग्रह, कोलॅबोरेशन, मोजकेच नग काढलेले. वरून काच आहे, प्रत्येकाच्या पोटात चुंबक. दुकानातून मी आणले. माळेचे नाहीत हे." पट्टी जवळ नेली. दाणा उडाला. टक्.

डॉक्टरची खुर्ची मागे आपटली. ती फोनवर कुणाला तरी ऑपरेशनची तयारी करायला सांगत होती, मध्येच माझ्याकडे वळून ओरडत होती, "किती? किती होते?" मी पट्टीवर बोट फिरवत होते, अक्षर, कड, अक्षर. "अंदाजे तरी!" "शेवटच्या अक्षराखाली दाट होते," मी म्हटलं. सासूबाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. टिमकीने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात केला, सकाळपासून पहिल्यांदाच, आणि मी तिला घ्यायला पुढे झाले. पट्टी काढली होती, पण आतली कांडी ब्लाउजमधून सरकून खाली गेली होती. थंडगार, कमरेच्या वर अडकलेली, मूल कडेवर घेतलं की जिथे त्याचं पोट टेकतं तिथे. डॉक्टरने मध्येच आडवा हात धरला. "चुंबक आहे का अजून अंगावर? मग लांब राहा तिच्यापासून. चिकटवू नका पोटाशी." मी तिथेच उभी राहिले. टिमकीचा हात तसाच पुढे होता. आणि मला टॅक्सी आठवली, सबंध रस्ता, आणि पट्टी-कांडीसकट मी तिला किती घट्ट धरलं होतं ते.